बिनसाखरेची सफरचंदं

माझी थोरली बहीण जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींना घाबरते. कुत्र्यांना घाबरते, लिफ्टला घाबरते, गॅसच्या वासाला घाबरते, आणि वास आला नाही तर आपलं नाकच गेलं की काय म्हणून घाबरते. फोन वाजला तरी तिच्या पोटात गोळा येतो आणि बराच वेळ वाजला नाही तरी येतो. घरात तिला सगळे भागूबाई म्हणत आले. पुढे ‘भित्री’ लावायची गरजही कोणाला वाटली नाही. मी तिची धाकटी बहीण. माझा जन्म शाळेत खेळ शिकवण्यात गेला, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. आई म्हणायची, दोघींच्या वाट्याची भीती ताईनं एकटीनंच उचलली आणि धाकटीला काही शिल्लकच ठेवलं नाही.

पण भीतीवर पोट भरता येतं, हेही मी तिच्यामुळेच पाहिलं. ती तान्ह्या बाळांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात होती. तिथे एक नियम होता. शिवताना मशीनची सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत ते मशीन पुन्हा सुरू करायचं नाही. तुकडे कागदावर ठेवायचे, एकमेकांना जुळवायचे, अख्खी सुई दिसली की मगच पुढचं काम. एखादं टोक बाळाच्या झबल्यात राहिलं तर? या ‘तर’वर ताईची नेमणूक होती. सुई मोडली की मुली हाक मारायच्या, आणि ताई गुडघ्यांवर बसून मशीनखाली चुंबक फिरवायची. वरचा साहेब कटकट करायचा, ‘बाई, केसाएवढा तुकडा आहे, सोडा आता.’ ताई थरथरत्या आवाजात ‘नाही’ म्हणायची आणि शोधत राहायची. भित्र्या माणसाचं ‘नाही’ फार चिवट असतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिचा सत्कार झाला आणि घरी येऊन ती रडली. मला वाटलं, आनंदानं रडतेय. तर म्हणाली, ‘उद्यापासून तिथे कोण बघेल गं?’

अशा बाईची गाठ पडली ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. आमचे भाऊजी अंगानं भरलेले, शीळ घालत फिरणारे, उंच इमारतींच्या काळोख्या चौकोनात दोराला लटकून काम करणारे. ताई आजही चार मजले जिन्यानं चढते. मी एकदा म्हटलं, ‘अगं, या इमारतीची लिफ्ट तुझ्याच नवऱ्यानं नीट केलीय.’ ती म्हणाली, ‘म्हणून तर. घरी बल्ब बदलायचा तर यांना तीन आठवडे लागतात.’ भाऊजी पोट धरून हसले. त्यांना ती तशीच आवडायची. पण लग्नानंतर लवकरच त्यांनी एक धडा घेतला होता, की हिला वाईट काही सांगायचं नाही. तो धडा हळूहळू आम्ही सगळ्यांनीच गिरवला. आईचं दुखणं असो की माझ्या मुलाचा मोडलेला हात, पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: ‘ताईला नको सांगू, घाबरेल.’

एकाच गोष्टीला ती घाबरत नसे. ती म्हणजे रविवारची सफरचंदं. कोणीतरी टाकून दिलेला एक छोटा ओव्हन भाऊजींनी उचलून आणला आणि दुरुस्त केला. सुरुवातीला ताई तो लावून स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी राहायची, स्फोट होईल म्हणून. मग कारखान्याच्या कँटीनमधल्या आचारीणबाईंनी तिला सफरचंदं भाजायला शिकवलं. फोडी ताटलीत पसरायच्या, त्यावर मैदा, लोणी आणि साखर बोटांनी चुरून केलेला भुगा घालायचा, आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. वर खरपूस थर येतो, कडेनं रस उकळून बाहेर डोकावतो, घरभर दालचिनीचा वास सुटतो. दर रविवारी जेवणानंतर हे व्हायचंच. भुगा चुरत असताना ताई गुणगुणायची. फोन वाजला तरी दचकायची नाही.

भाऊजींना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी गोळ्या होत्या, मग गेल्या वर्षी इन्सुलिन आलं. जेवणाआधी पोटात टोचायचं पेन आणि बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजायचं यंत्र. डॉक्टरीणबाईंनी ताईला समोर बसवून सगळं सांगितलं. डोळे जातात, मूत्रपिंडं जातात, हृदय बिघडतं, पाय कापायची वेळ येते. त्यांनी ते सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही, पण ताईला सांगताना जरा जपून सांगायला हवं होतं.  घरी आल्या आल्या तिनं साखरेचा डबा, मध, जॅमच्या बरण्या, बिस्किटांचे पुडे, सगळं टोपलीत भरलं आणि वरच्या मजल्यावर माझ्या घरी आणून ओतलं. तिच्या घरात गोडाचा कण उरला नाही. माझ्या स्वयंपाकघराचं मात्र गोदाम झालं.

‘सगळं सोडतो,’ भाऊजी म्हणाले, ‘पण रविवार तेवढा ठेव गं. आठवडाभर गवत खाईन, पण रविवार ठेव.’

ताईला नाही म्हणवेना. सुईच्या तुकड्यासाठी साहेबाला नाही म्हणणारी बाई नवऱ्याच्या त्या चेहऱ्यापुढे विरघळली. दर शनिवारी ती वाटी घेऊन माझ्याकडे यायची आणि रविवारपुरती साखर मोजून न्यायची. नेताना असं तोंड करायची, जणू विषच नेतेय. ‘मीच घालतेय ना हे त्यांच्या पोटात?’ ती विचारायची. ‘उद्या त्यांच्या डोळ्यांना काही झालं तर माझ्या हातानं झालेलं असेल.’ मी म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आठवड्यातून एकदा खाल्ल्यानं कोणी मरत नाही.

मग तिनं ठरवलं, की रविवार ठेवायचा आणि साखर काढायची. आधी दुकानातली ती साखरेऐवजी घालायची पावडर आणली. भाऊजींनी पहिला घास घेतला, थांबले, म्हणाले, ‘अगं, यात औषध पडलंय का?’ आणि बशी हळूच बाजूला सरकवली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. घरचं आवडलं नाही तर हे कामावरून येताना बाहेर कुठेतरी बसून काहीबाही खातील, ही नवी भीती सुरू झाली. म्हणून तिनं दुसरा मार्ग धरला. साखर एकदम काढायची नाही. दर रविवारी थोडी कमी करायची, आणि त्यांना काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही.

‘जिभेला फसवायचं नाही,’ मला म्हणाली, ‘तिला वळण लावायचं.’

तो सगळा काळ मी तिची चाखणारी होते. आठवड्याच्या मधल्या दिवशी ती छोट्या वाटीत करून वर आणायची आणि मी तोंडात घास घेतला की माझ्या डोळ्यांकडे बघत राहायची. मैदा गेला आणि ओट्स आले, त्यांचं पीठ न करता हातानं जाडसर चुरलेले. लोणी निम्म्यावर आलं, बाकी ओलावा बदामाच्या पुडीनं धरला. सफरचंदं सालासकट चिरायला लागली. आंबट आणि गोड, दोन जातींची मिसळून बघितली. तिला कळलं, की फोडी आधी झाकून मंद आचेवर बराच वेळ ठेवल्या आणि मग झाकण काढून वरचा थर भाजला तर फळाचा रस आटून आपोआप गोड होतो. चिमूटभर मीठ घातलं तर आणखी गोड लागतो. एकदा करपलं, एकदा लगदा झाला, एकदा तर ओट्स दातांत असे अडकले, की मी म्हटलं, ‘घोड्याला घाल.’ तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. पण तिनं सोडलं नाही. दर शनिवारी तिच्या वाटीत साखर कमी कमी होत गेली, आणि दर रविवारी भाऊजी बशी चाटूनपुसून खात राहिले.

आता भाऊजींची बाजू सांगते. ती आम्हाला फार उशिरा कळली, पण इथेच सांगितलेली बरी, म्हणजे त्या रविवारी मी जे पाहिलं ते तुम्हाला नीट समजेल.

भाऊजी काही दूधखुळे नव्हते. गोड खाल्लं की साखर वाढते हे त्यांना ठाऊक होतं. आणि आकडा वाढलेला दिसला की ताई धसका घेईल आणि रविवार बंद होईल, हेही ठाऊक होतं. म्हणून दर रविवारी जेवणाआधी ते न्हाणीघरात जायचे, कडी लावायचे आणि डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त इन्सुलिन टोचून घ्यायचे. ओव्हनमधून वास येतोय तेवढ्याचा हिशेब मनाशीच करून. मग संध्याकाळी ताईनं मोजलं की आकडा छान. ‘बघ,’ म्हणायचे, ‘तुझ्या हातचं मला बाधतच नाही.’ ताई साखर कमी करत गेली आणि भाऊजी आपली मात्रा तशीच वाढवून घेत राहिले. मधल्या काही रविवारी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापले. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. हत्यारांच्या पेटीत दडवलेलं एखादं बिस्किट खाल्लं की बरं वाटायचं. कारण तेच, हिला नको सांगायला, घाबरेल. दोघं एकमेकांना जपत होते, एकमेकांच्या पाठीमागे. असलं जपणं वैऱ्यालाही मिळू नये.

त्या शनिवारी ताई वर आली ती वाटीशिवाय.

‘उद्या साखर नाही,’ ती म्हणाली. ‘अजिबात नाही.’ आणि लगेच तिचे ‘तर’ सुरू झाले. कळलं तर? आवडलं नाही तर? चिडले तर? मी म्हटलं, सफरचंद आहे ते, बॉम्ब नाही.

रविवारी मी जेवायला खाली होते. भाऊजी शीळ घालत न्हाणीघरातून बाहेर आले. गोड खाणार म्हणून ताईनं त्यांच्या ताटात भात नेहमीपेक्षा कमीच वाढला होता. त्यांचं लक्ष मात्र ओव्हनकडे होतं. ताटली आली. कडेनं रस तांबूस झालेला, वरचा थर कुरकुरीत. त्यांनी चमचा भरून तोंडात घातला. टेबलाखाली ताईनं माझा गुडघा इतका आवळला, की मी ओरडणारच होते.

‘हे,’ भाऊजी म्हणाले आणि आणखी एक घास घेतला. ‘हे आजवरचं सगळ्यात भारी झालंय. काय केलंस?’

‘काही नाही,’ ताई म्हणाली. ‘नेहमीचंच.’

त्यांनी पुन्हा मागून घेतलं. ताई स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि भांड्यांच्या आवाजात रडली. मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला खरंच तिचा अभिमान वाटला. आयुष्यभर कशाला ना कशाला भीत आलेल्या बाईनं एका दुखण्याला घरातून हाकललं होतं, तेही बशीभर सफरचंदांनी. मी वर गेले आणि छान झोपले.

दुपार कलत असताना फोन वाजला. ‘खाली ये. यांचं काहीतरी बिनसलंय.’ आता ताईच्या असल्या बोलावण्यांना मी कितीदा खाली गेले असेन याची मोजदाद नाही. कधी पाल, कधी कसला तरी वास, कधी भाऊजी घोरायचे थांबले म्हणून. मी पुटपुटत चपला घातल्या.

दारातच माझं पुटपुटणं थांबलं. भाऊजी खुर्चीत बसले होते आणि त्यांचा शर्ट पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. ‘लिफ्ट मधेच थांबलीय,’ ते म्हणाले. ‘आत माणसं आहेत. खालून बंद करा.’ ताईनं त्यांच्या कपाळाला हात लावला तर त्यांनी तो झटकून टाकला. ‘सोड म्हटलं ना!’ तीस-पस्तीस वर्षांत मी या माणसाचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.  भीती म्हणजे काय हे मला माहीत नाही असं मी आयुष्यभर मिरवत आले. त्या खोलीत ते मिरवणं क्षणात संपलं.

‘साखर वाढलीय,’ ताई म्हणाली. तिच्या हातात इन्सुलिनचं पेन होतं. ‘माझ्यामुळे वाढलीय. साखर घातली नाही म्हणून मी दोनदा वाढलं. फळातही असतेच ना साखर? मी विसरले. मी विसरलेच गं.’ तिनं त्यांचा शर्ट वर केला होता. पेनचं टोपण निघालेलं होतं. भाऊजी झोपेत बोलावं तसं ‘दे, दे’ म्हणत होते.

सुई पोटापासून बोटभर अंतरावर होती.  आणि ती थांबली.

‘आधी मोजते,’ ती म्हणाली.

‘अगं, मोजत काय बसतेस! त्यांची अवस्था बघ!’

‘नाही,’ ताई म्हणाली.

तेच ते चिवट ‘नाही’. तिनं पेन बाजूला ठेवलं, त्यांचं बोट पुसलं, टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रानं आकडा दाखवला. तिनं तो पाहिला, यंत्र हलवलं, दुसरं बोट पुसून पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग मी सांगू शकत नाही.

‘कमी आहे,’ ती म्हणाली. ‘वाढलेली नाहीये. फार कमी आहे. ही उतरत चाललीय.’ मग तिनं टेबलावरच्या पेनकडे पाहिलं, आणि आपण काय करणार होतो ते तिला कळलं. तिनं ते पेन साप असावा तसं खोलीच्या पार कोपऱ्यात भिरकावलं.

‘साखर!’ आम्ही दोघी एकदम ओरडलो. आणि दोघींना एकदमच आठवलं, की या घरात साखर नाही. चमचाभर नाही, कणभर नाही. मध नाही, जॅम नाही. तरीही ताई कपाटं उघडत सुटली. ओट्सचा डबा, बदामाचा डबा, मिठाची बरणी. मी जिन्याकडे धावले.

एका मजल्याचा तो जिना. मी मुलींना मैदानावर पळवणारी बाई, पण त्या जिन्यावर मला श्वास पुरेना. किल्ली भोकात जाईना. स्वयंपाकघरात शिरले आणि माझी साखर मलाच दिसेना. तांदूळ उघडले, डाळ उघडली, चहाचा डबा उघडला. रोज जिथून घेते तिथेच, नाकासमोर बरणी होती. ती छातीशी धरून खाली धावताना झाकण पडलं आणि पायऱ्यांवर साखर सांडत गेली.

तोवर भाऊजी खुर्चीतून घसरून जमिनीवर आले होते. डोळे अर्धवट उघडे. हाकेला ओ नव्हती. ताईनं त्यांना कुशीवर वळवून डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं.

अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. ओल्या बोटावर साखर घेऊन ती गालाच्या आतून, हिरड्यांना चोळायची. शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला मी हे किती मुलींना शिकवलं असेल! मी ते मोठ्यानं सांगितलंही. पण माझा हात पुढे होईना. ताईनं बोट तोंडात ओलं केलं, साखरेत बुडवलं आणि त्यांच्या गालात घातलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. एकदा त्यांचे दात तिच्या बोटावर घट्ट मिटले. तिनं बोट काढलं नाही. ‘घ्या,’ ती म्हणत होती, ‘घ्या ना, गोड आहे हो, घ्या.’ मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि पत्ता म्हणून आधी माझ्या शाळेचा पत्ता सांगितला.

ती यायला किती वेळ लागला मला माहीत नाही. पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला, माणसं आत आली, त्यांनी भाऊजींच्या हातात सुई घालून ग्लुकोज सुरू केलं आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये घेतलं. ताई त्यांचा हात धरून त्यांच्याबरोबर आत शिरली. दार बंद झालं. मी जिन्यानं धावत उतरले. खाली पोचले तेव्हा भाऊजींच्या पापण्या हलत होत्या. ताईच्या बोटातून रक्त येत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

दवाखान्यात संध्याकाळी ते पुरते शुद्धीवर आले. डोकं ठणकतंय म्हणाले आणि तहान लागलीय म्हणाले. तिथले डॉक्टर पलंगाशी उभे राहिले.

‘रोजच्या मात्रेनं साखर इतकी खाली जायची नाही,’ ते म्हणाले. ‘जास्त घेतलं होतं का?’

 भाऊजी छताकडे बघत म्हणाले, ‘रविवारचं जरा जास्त घेतो.’

‘कोणी सांगितलं?’

‘कोणी नाही. ही गोड करते ना.’

ताई खुर्चीत बसली होती. ती उठली. ‘त्यात साखर नव्हती,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘साखर नव्हती. किती तरी रविवार कमी कमी करत आणली. आज अजिबात नव्हती.’

भाऊजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ‘मला कळलंच नाही गं,’ ते म्हणाले. ‘अगदी तसंच लागलं.’

कितीतरी दिवस तिला हेच ऐकायचं होतं. त्यासाठीच तिनं माझ्या डोळ्यांत बघत वाट्यांवर वाट्या चाखवल्या होत्या. तिनं ते ऐकलं आणि तोंडावर हात दाबून धरला. डॉक्टर म्हणाले, ‘घरात काय शिजतं ते यांना कळलं पाहिजे, आणि हे काय टोचून घेतात ते तुम्हाला. नाहीतर पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही.’ आणि ते पुढच्या पलंगाकडे गेले.

‘मला का नाही सांगितलंत?’ ताईनं विचारलं.

‘तू घाबरली असतीस.’

‘मग घाबरू द्यायचं ना मला!’ ती एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या पलंगावरचा रोगी उठून बसला. ‘मला घाबरता येतं हो! जन्मभर दुसरं केलंय काय मी? घाबरून मी मरत नाही. आज तुम्ही मेला असता. माझ्या हातात पेन होतं, कळतंय का तुम्हाला? मी टोचणार होते.’

भाऊजींना ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

ताई पलंगाच्या कडेला बसली. आवाज खाली आला. ‘आणखी काय लपवलंय?’

त्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी काहीतरी चेष्टा करून विषय बदलते. या वेळी मी नजर वळवली.

‘मागच्या काही रविवारी घाम यायचा. हात कापायचे.’

‘आणखी?’

‘बिस्किटं. हत्यारांच्या पेटीत.’

‘आणखी?’

त्यांनी पायांवरची चादर आणखी खाली ओढून घेतली. 

‘डावा पाय,’ ते म्हणाले. ‘अंगठ्याला काही कळत नाही. मध्ये बुटात खडा गेला होता. दिवसभर त्यावर चाललो. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं.’

आता ही कोसळणार असं मला वाटलं. मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. ती कोसळली नाही. तिनं त्यांच्या पायांवरची चादर बाजूला केली आणि डावा पाय मांडीवर घेतला.

‘डोळे मिटा,’ ती म्हणाली. त्यांनी मिटले. तिनं अंगठा चिमटीत धरला. ‘कळतंय?’

‘धरलास का?’

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलं नाही. शेजारचं बोट धरलं. ‘हे?’

‘नाही.’

‘हे?’

भाऊजींचे डोळे मिटलेले होते. 

‘हात थरथरतोय तुझा,’ ते म्हणाले.

‘थरथरू दे,’ ताई म्हणाली, आणि तिनं पुढचं बोट धरलं. ‘हे?’